मातीच्या म्हाताऱ्याचं उचललेलं पाऊल

मित्रांनो, स्वतःची ओळख करून देताना लोक कशी झोकात सुरुवात करतात! माझी गाडी मात्र पहिल्याच वाक्याला अडते. मी एक जुना... नक्की काय आहे? संग्रहालयातल्या माझ्या काचेच्या पेटीखालच्या पाटीवर ‘शिल्प’ असं लिहिलं आहे. समोरच्या भिंतीवर पडदा आहे आणि त्यावर मी चालतो, म्हणून शाळेची मुलं मला ‘कार्टूनमधले आजोबा’ म्हणतात. दालन झाडायला येणाऱ्या बाई मला ‘लंगडोबा’ म्हणायच्या, कारण माझा उजवा पाय कायम उचललेला असे. ज्या हातांनी मला घडवलं ते तर मला नुसतंच ‘हा’ म्हणत. तेव्हा तुम्हाला सोयीचं वाटेल ते म्हणा. मी वीतभर उंचीचा, मातीचा, पाठीला पोक असलेला... नाही, पोक नसलेला... थांबा. या पोकाचीच तर सगळी भानगड आहे.

माझी माती कुंभाराच्या चाकावरची नाही. ती तेलात मळलेली, मऊ, कधीच न वाळणारी आहे. एका शिल्पकाराच्या कामाच्या खोलीत, खिडकीखालच्या पत्र्याच्या डब्यात मी नुसता गोळा म्हणून राहत होतो. शिल्पकाराची कामं मोठमोठी असत. चौकातले पुतळे, बागेतली कारंजी, बँकेच्या दारातले सिंह. मोठं काम हाती घेण्याआधी तो माझ्यावर हात बसवून घ्यायचा. त्यामुळे मी आधी घोड्याची मान होतो, मग एका पहिलवानाचा खांदा, मग कुणा बड्या माणसाची हनुवटी. दर वेळी शिल्पकार एक पाऊल मागे जायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, “झालं.” आणि ‘झालं’ म्हणताच मला चुरगाळून पुन्हा डब्यात टाकायचा. आता तुम्हीच सांगा, झालेली गोष्ट कुणी मोडतं का? मला हे कधी उमगलं नाही. अजूनही मधूनच मला मान झटकावीशी वाटते. ती सवय बहुतेक घोड्याची असावी.

त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात शिल्पकाराची धाकटी बहीण काम करायची. ती त्याला दादा म्हणायची आणि तो तिला मुंगी म्हणायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खपून तिचं काम मुंगीच्या पावलाएवढंच पुढे सरकायचं, म्हणून हे नाव. दोघांचे आईवडील लवकर गेले होते. मुंगीच्या शाळेच्या वेण्या दादानेच घातल्या होत्या आणि त्या वाकड्या असल्या तरी दिवसभर सुटत नसत, असं ती हसत हसत सांगायची.

एक दिवस मुंगीने मला डब्यातून उचललं. “दादा, हा मी घेऊ?”

“घे की. तसाही मऊ पडलाय,” दादा म्हणाला.

तिने तारेचा एक सांगाडा वळला आणि त्यावर मला चढवलं. हात आले, पाय आले, पडक्या दातांचं तोंड आलं. सगळ्यात जास्त वेळ तिने माझ्या पाठीवर घालवला. ती मान वळवून खोलीच्या त्या टोकाला बघायची, मग माझ्या पाठीवर अंगठा दाबायची, पुन्हा तिकडे बघायची. तिकडे काय आहे हे मला दिसायचं नाही, कारण माझं तोंड भिंतीकडे केलेलं असायचं. शेवटी माझ्या पाठीला एक छान पोक आलं. छान म्हणजे काय, पोक ते पोकच, पण माझ्या अंगाला ते शोभत होतं. मी कौतुकाची वाट बघत होतो. तिच्या जागी दादा असता तर ‘झालं’ म्हणाला असता. मुंगी म्हणाली, “चला, आता सुरुवात.”

आता मुंगी करायची ते स्टॉप-मोशन म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला हवं, आणि ते मला स्वतःलाच धड कळलेलं नाही. मुंगीने मला लाकडी टेबलावरच्या छोट्या खोलीत खुर्चीवर बसवलं. समोर कॅमेरा, बाजूला दिवा. ती माझं डोकं केसभर हलवायची, हात बाजूला घ्यायची आणि फोटो काढायची. पुन्हा हात, पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. अशा ढीगभर फोटोंनंतर मी खुर्चीतून जेमतेम उठलो. फोटो भराभर एकामागून एक दाखवले की मी आपला आपण उठतो असं वाटतं म्हणे. मला काही तसं वाटलं नाही. माझ्या आठवणीत चालणं नाहीच. आहेत ते फक्त हात. गार बोटं, नखाखाली अडकलेली माझीच माती, आणि मग टक् असा आवाज.

“यात गोष्ट काय आहे?” दादाने तिला विचारलं होतं.

“एक म्हातारा खुर्चीतून उठतो, खोली ओलांडतो आणि खिडकी लावतो.”

“मग?”

“मग काही नाही. उठतो ना तो, तीच गोष्ट.”

दादाने कपाळावर हात मारला, पण तो हसत होता. तेव्हा ती दोघं फार हसायची.

काम चालू असताना एकच नियम होता. दोन फोटोंच्या मध्ये मुंगीशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही. मला नाही, टेबलाला नाही, दिव्याला तर मुळीच नाही. जेवायला जाताना ती रोज बजावायची, “दादा, त्याला हात लावू नकोस हं.” आणि दादा रोज म्हणायचा, “मी कशाला लावतोय?” त्या दुपारीही तो तेच म्हणाला. मी खोलीच्या मध्यावर होतो. डावा पाय जमिनीवर, उजवा उचललेला, आणि तोल जाऊ नये म्हणून मागून तारेचा टेकू. जेवण झालं की पाऊल खाली येणार होतं.

मुंगी गेल्यावर दादा हात पुसत माझ्यापाशी आला. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. “काय रे हे,” तो पुटपुटला, “किती वाकवलंय तुला पोरीने.” नीट दिसावं म्हणून त्याने दिवा जवळ ओढला. जन्मभर त्याने छाती पुढे काढून उभी असलेली माणसं घडवली होती, त्याला माझं पोक बघवेना. त्याचा रुंद अंगठा माझ्या कंबरेपासून मानेपर्यंत एकदाच वर सरकला आणि मी ताठ झालो. तो एक पाऊल मागे गेला. “झालं,” म्हणाला. मी घाबरलो, कारण ‘झालं’ म्हटलं की डबा. पण तो मला डब्यात न टाकता निघून गेला. माझा गोंधळ सुरू झाला तो इथून.

मुंगी घाईघाईने आली. तिची सगळी नजर माझ्या पावलावर होती. तिने पाऊल केसभर हलवलं, फोटो काढला, पुन्हा हलवलं, पुन्हा काढला. चार-पाच फोटोंनंतर तिने आतापर्यंतचं सगळं चालवून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग ती मागे न वळताच म्हणाली, “दादा, तू याला हात लावलास?”

“पाठ सुधारली जरा,” दादा खुशीत म्हणाला. “आता बघ कसा रुबाबदार दिसतोय.”

“दादा, हा चालत होता!”

“मग आता ताठ चालेल.”

“मधेच? एका पावलात? आणि दिवा? दिवासुद्धा हलवलास?”

तिने मला पुन्हा वाकवून पाहिलं. पण डोळ्यांत पाणी आल्याने तिला नीट दिसेना आणि पोक काही जागेवर बसेना. कधी फार वर येई, कधी एका बाजूला. दिवा कुठे होता तेही मिळेना. दादा गडबडला आणि नको ते बोलून गेला. “अगं, रडायला काय झालं? मातीच तर आहे!”

मुंगीने डोळे पुसले. तिने मला होतं तसं ताठ करून ठेवलं, कॅमेरा पिशवीत भरला, दिवा बंद केला. ती दुसऱ्या शहरात कामाला लागली आणि तिथे जाहिरातींसाठी साबणाच्या वड्या नाचवू लागली, असं दादा पुढे कधीतरी एका पाहुण्याला सांगत होता. स्वतः मुंगीने त्याला काही कळवलं नव्हतं. तिने जो अबोला धरला तो वर्षानुवर्षं सुटला नाही.

त्यानंतरची वर्षं मी मोजलेली नाहीत. दादाने मला टेबलावरून हलवलं नाही. माझ्यावर काचेची मोठी बरणी पालथी घातली आणि आठवड्यातून एकदा ती उचलून मऊ कुंचल्याने माझ्यावरची धूळ झाडली, पण तेही कुंचल्याचे केस जेमतेम टेकतील इतकं जपून. जो माणूस दिसेल त्या मातीला हात घालायचा, त्याने मला पुन्हा बोट लावलं नाही. माझं पाऊल वरचं वर राहिलं. दादा ते खाली करून मला बसवू शकला असता, पुन्हा गोळा करून डब्यात टाकू शकला असता. तो नुसता बघायचा आणि जायचा. तो माझ्यावर रागावला आहे की स्वतःवर, हे मला ठरवता येईना. माझा जीव मात्र त्या पावलासारखाच टांगणीला लागला होता.

मग एक दिवस संग्रहालयाच्या मॅडम आल्या. त्यांना एक प्रदर्शन मांडायचं होतं. एका बाजूला उभी शिल्पं, दुसऱ्या बाजूला स्टॉप-मोशनच्या बाहुल्या. दादाचे पुतळे त्यांनी निवडले आणि जाता जाता बरणीकडे बोट दाखवून विचारलं, “आणि हे?”

“ते माझं नाही,” दादा म्हणाला. “माझ्या बहिणीचं आहे. तिला विचारून न्या.”

मुंगीने परवानगी दिली असावी, कारण मी या काचेच्या पेटीत आलो आणि तिची ती अर्धी फिल्म समोरच्या पडद्यावर लागली. पहिल्यांदा मी ती पाहिली तेव्हा आ वासून बघत राहिलो. एक म्हातारा खुर्चीतून उठतो. कण्हत, कुथत, पण आपला आपण! एकही हात नाही, एकही बोट नाही. हा कोण? तोंड माझं, पोक माझं, पण माझ्या आठवणीत नुसते हात आणि या फिल्ममध्ये तेवढे नेमके गायब. तो चालत मध्यापर्यंत येतो, एकदम उजेड वाढतो, म्हातारा झटक्यात ताठ होतो आणि पडदा काळा. मग पुन्हा खुर्ची. दिवसभर हेच चालायचं.

कौतुक मात्र उदंड झालं. एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि माझ्या उचललेल्या पायाकडे बघत म्हणाले, “हे पाऊल म्हणजे माणसाचा अनिर्णय. पुढे जावं की मागे?” विद्यार्थ्यांनी माना डोलावल्या. मी चक्रावून गेलो. माझ्या समजुतीप्रमाणे ते पाऊल जेवण झाल्यावर खाली यायचं होतं. दुसऱ्या एका पाहुण्याने त्यात मृत्यू पाहिला. माझ्यात एवढं सगळं कधी भरलं होतं, कोण जाणे!

पण दालनातल्या दिव्यांच्या उबेने मी हळूहळू सैल पडू लागलो. आतली जुनी तार कंबरेपाशी तुटली. पाऊल लोंबू लागलं. मॅडमनी ते पाहिलं आणि ठरवलं की माझ्यावर एक खास रस चढवायचा. तो सुकला की मी दगडासारखा कडक होणार, पाऊल कायमचं हवेत राहणार. त्यांचा हेतू चांगला होता. त्यांना मला जपायचं होतं. मला मात्र ते नको होतं. कडक झाल्यावर मला कुणीही, कधीही, केसभरसुद्धा हलवू शकणार नव्हतं.

असं काही करायचं तर कलाकाराची संमती हवी. माझा कलाकार कोण, हे मॅडमना नीट कळेना. फिल्म बहिणीची, पण शेवटचा अंगठा भावाचा, हे दादाने स्वतःच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी साधा विचार केला आणि दोघांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलावलं. अबोल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मुंगी आधी आली. केस पिकलेले, बोटं तीच. ती पेटीसमोर उभी राहिली आणि मला बघून तिचे डोळे भरले. मग दारातून दादा आत आला आणि मी हबकलोच. बरणीतून मला तो कायम समोरूनच दिसायचा, आज पहिल्यांदा बाजूने दिसला. त्याच्या पाठीला पोक होतं. असं तसं नाही, माझं पोक. तेच, तिथेच, तेवढंच. कामावर वाकून वाकून आलेलं. तेव्हा मला कळलं की मला घडवताना मुंगी मान वळवून खोलीच्या त्या टोकाला कुणाकडे बघत होती.

दोघं पेटीच्या दोन बाजूंना उभी राहिली. बोलणं सगळं मॅडममार्फत.

“यांना सांगा, याच्यावर माझा काही हक्क नाही. यांना हवं तसं करा,” दादा म्हणाला.

“यांना सांगा, हक्क नव्हता तेव्हा हात लावलाच होता,” मुंगी म्हणाली.

मॅडम बिचाऱ्या इकडून तिकडे मान फिरवत राहिल्या.

तेवढ्यात पडद्यासमोरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं येऊन बसलं. फिल्म चालू होती. उजेड वाढला, म्हातारा ताठ झाला आणि आजी खुदकन हसल्या. “बघा बघा. अगदी तुमच्यासारखं.”

“काय माझ्यासारखं?” आजोबांनी विचारलं.

“कुणीतरी दार उघडून आत आलंय, नाही का? उजेड आला बघा. आणि हा लगेच ताठ. मी खोलीत आले की तुम्हीसुद्धा असंच करता. घरात एकटे असलात की वाकून बसायचं, आणि मी आले की ताठ.”

“मी कुठे ताठ होतो?” आजोबा म्हणाले, आणि म्हणता म्हणता ताठ झाले.

पेटीच्या एका बाजूने मुंगी हसली. दुसऱ्या बाजूने दादा हसला. दोघांनीही ते लपवायचा प्रयत्न केला, पण काच आरपार दिसणारी होती.

मुंगी पेटीला वळसा घालून आली. “दादा, ती पाठ तुझी होती.”

दादाला समजेना. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. “याची. तू जी सुधारलीस ती. मी तुला बघून केली होती. त्या कोपऱ्यात तू काम करायचास ना, तेव्हा.”

दादाने मागे हात नेऊन स्वतःची पाठ चाचपली, जणू ती तिथे आहे हे त्याला आत्ताच कळलं. मग तो म्हणाला, “मी मातीच तर आहे असं म्हणालो होतो.”

“हो.”

“ते चुकलं माझं, मुंगे.”

मुंगीने नाक ओढलं आणि एकदम मॅडमकडे वळून विचारलं, “संग्रहालय कुठल्या दिवशी बंद असतं?”

सुट्टीच्या दिवशी दालनाचे पडदे ओढले गेले. मला पेटीतून काढून, दादाच्या खोलीतून आणलेल्या जुन्या लाकडी टेबलावर ठेवलं. या वेळी दिवा मुंगीने तिच्या जुन्या जागी ठेवला नाही. दादाने ओढला होता तिथेच, जवळ ठेवला. फिल्म जिथे थांबली होती तिथूनच पुढे न्यायची, असं तिने ठरवलं होतं. म्हातारा उजेड बघून ताठ होतो, मान वळवतो, पाऊल खाली टेकतो, आणि आलेलं माणूस आपलंच आहे हे कळल्यावर त्याची पाठ हळूहळू पुन्हा वाकते. खिडकी लावायचं तो विसरतो. “आपल्या माणसासमोर कशाला ताठ राहायचं?” ती म्हणाली.

कंबरेची तार तुटल्यामुळे मी आपला आपण उभा राहीना. मग दादा टेबलामागे बसला आणि मुंगी माझं पाऊल सरकवेपर्यंत त्याने माझ्या पाठीला बोटांचा आधार दिला. तिने ‘हं’ म्हटलं की त्याने हात काढायचा, टक्, की पुन्हा लावायचा. मी कोसळायच्या आत फोटो निघायचा. सुरुवातीला दादा इतका भीत होता की त्याची बोटं माझ्यापर्यंत पोहोचेनात. “अरे, लाव की हात,” मुंगी म्हणाली, आणि त्याने लावला.

सबंध दिवस गेला. पाऊल केसाकेसाने खाली आलं आणि माझा तळवा टेबलाला टेकला. मित्रांनो, ते कसं वाटलं हे मला सांगता येत नाही. मग पाठ वाकू लागली. अगदी शेवटच्या फोटोच्या वेळी मुंगीने ‘हं’ म्हटलं, टक् झालं, आणि दादा ओरडला, “थांब, थांब! माझा हात राहिला आत. पुन्हा काढ.”

मुंगीने फोटो पाहिला. माझी वाकलेली पाठ आणि तिच्यावर टेकलेली दादाची रुंद बोटं. दादा म्हणाला, “खराब झाला ना? अजून एक काढ.”

“नको,” मुंगी म्हणाली. “झालं.”

आता मी पुन्हा पेटीत आहे. माझ्यावर रस चढवला नाही. मॅडमनी फक्त दिवे थोडे दूर नेले आणि आतून एक नवी तार घातली. ते प्राध्यापक परत आले होते. माझे दोन्ही पाय जमिनीवर बघून बरेच हिरमुसले. झाडणाऱ्या बाई हल्ली मला नुसतंच ‘आजोबा’ म्हणतात. कधी कधी दादा आणि मुंगी बाकावर येऊन बसतात आणि एकमेकांशी भांडतात, पण आता मॅडम मध्ये लागत नाहीत.

तेव्हा मित्रांनो, कुणी काही करत असेल तर त्याला हात लावण्याआधी विचारा. चांगलं करायचं असलं तरी विचारा. आणि हातून काही बिघडलंच, तर बरणी पालथी घालून वर्षानुवर्षं नुसते बघत बसू नका. सांगून टाका. अर्ध्यात राहिलेलं पाऊल फार दुखतं, आणि ते ज्याचं त्याला एकट्याने खाली आणता येत नाही.

मी शिल्प आहे की कार्टून, घोडा आहे की पहिलवान, हे मला अजूनही नक्की ठाऊक नाही. पडद्यावर चालणाऱ्या त्या म्हाताऱ्याला मी अजूनही परका समजतो. फक्त फिल्मच्या अगदी शेवटी, डोळ्याचं पातं लवायच्या आत, त्याच्या पाठीवर एक रुंद हात दिसतो आणि जातो. पाहुण्यांच्या तो लक्षातही येत नाही. तेवढ्या वेळापुरतं मात्र मला ओळखू येतं, हा मीच आहे.